खारटोकहून निघताना

१

आमच्या इंजिनाचं नाव बाय. मिठागरातल्या बायका एकमेकींना हाक मारतात, तीच ही बाय. रेवसला लॉंचमधून उतरून आमच्याकडे येणाऱ्या मुंबईच्या पाहुण्यांना हे ठाऊक नसतं. गाडीतून उतरले की ते हात हलवून "बाय, बाय" करतात. मग हिरामण मामा इंजिनाच्या अंगावर थाप मारून म्हणतात, "लाडाची हाय गो. सगले तिलाच हाका मारतात."

रविवारी सकाळी गाडी असते, म्हणून उजाडायच्या आधी शेड उघडायची. भट्टीतली राख काढायची, बॉयलरमधलं पाणी बघायचं, मग नारळाची सुकी सोडणं रचून काडी लावायची. सोडणं लगेच पेट घेतात. त्यांच्यावर लाकूड, आणि लाकडानं जोर धरला की कोळसा. एकदम ताव द्यायचा नाही, नाहीतर बॉयलर तडकतो. मेकॅनिकलची डिग्री घेऊन मी एवढं शिकले की लोखंडाला घाई चालत नाही. लोखंडाचं मी ऐकते. म्हाताऱ्यांचं ऐकणं मला कधी जमलं नाही.

या रुळांवरून एकेकाळी मिठागरांचं मीठ खाडीच्या तोंडाशी, खारटोकला जायचं आणि तिथून गलबतात चढायचं. मग मिठागरं बंद पडली, पोरं ट्रकवर गेली, रूळ चिखलात गेले. ते उकरून काढायचं खूळ माझ्या मोठ्या भावाचं, दिपेशचं. त्याच्यामागे मी. आमच्यामागे हिरामण मामा, जे तरुणपणी याच गाडीवर कोळसा मारायचे. आणि गाडीसाठी आम्ही काढलेल्या मंडळाचे अध्यक्ष रत्नपाल सर, ज्यांनी आम्हा दोघांना शाळेत विज्ञान शिकवलं.

गाडी उघाडीपर्यंत जाते. उघाडी म्हणजे बांधातलं लाकडी दार, भरतीचं पाणी अडवणारं. तिच्यापुढे बांध सरळ खारटोकला जातो. तिथले रूळही दिपेशनं आणि मी बसवले होते. चांगले बसवले होते. पण मंडळ गाडी पुढे न्यायला तयार नव्हतं.

२

कारण विचारलं की सर चष्मा पुसायला घ्यायचे आणि मामांना एकदम कुठलातरी नट सैल वाटायचा.

खारटोकला आहे तरी काय? मीठ साठवायची एक जुनी शेड. तीन बाजूंना दगडी भिंती, चौथी बाजू उघडी, वर गंजके पत्रे. कामासाठी आम्ही सगळेच तिथे जायचो. नियम एकच होता, तोही फक्त तोंडी. खारटोकहून निघताना काही बोलायचं नाही. अवजारं उचलायची, रुळांवरच्या ढकलगाडीवर बसायचं आणि गप निघायचं.

"काही म्हणजे काय?" मी मामांना विचारलं होतं.

"येतो बोलायचं न्हाय."

"मग जातो म्हणायचं?"

"शिव शिव! जातो कोन बोलतो का गो?"

"म्हणजे जातो म्हणायचं नाही, कारण ते अशुभ. येतो म्हणायचं नाही, कारण... कारण काय मामा?"

मामा पाना घेऊन चाकाखाली गेले.

मला सरांचा जास्त राग यायचा. घरी रोज बुद्धवंदना म्हणणारा, भूत आणि करणीविरुद्ध गावोगाव भाषणं देणारा हा माणूस. आणि खारटोकहून निघताना तोही ओठ मिटून बसायचा. एकदा मी तोंडावरच म्हटलं, "सर, तुम्ही तरी!"

ते म्हणाले, "मला माहीत नाही, हेमाली. जे माहीत नाही त्याच्यावर मी भाषण देत नाही."

"त्याला भीती म्हणतात, सर."

"असेल."

दिपेश मात्र मजेत असायचा. त्याला कुठलाही नियम मोडायच्या आधी गुदगुल्या व्हायच्या. एका संध्याकाळी तो चिखलानं भरलेला घरी आला, पाय धुताधुता मला म्हणाला, "आज मी बोललो. निघताना शेडकडं तोंड करून मोठ्यानं बोललो, येतो रे! काय घुमतं गो तिथं. आतून लगेच 'ये' परत आला."

"प्रतिध्वनी," मी म्हटलं.

"पन काय गोड बोलला. आये बोलते ना, तसा."

आम्ही दोघंही हसलो.

३

त्यानंतर थोड्याच दिवसांनी दिपेश रुळांच्या जोडांचे बोल्ट आवळायला एकटा खारटोकला गेला. भर दुपार होती. ओहोटी होती, खाडी आरशासारखी पडली होती. निघताना दारातून म्हणाला, "येतो गो आये."

आये पाटावर बसून कोळंबी सोलत होती. दोघांची सकाळी काहीतरी कुरबुर झाली होती. ती काही बोलली नाही.

ढकलगाडी शेडसमोर सापडली. पाना रुळावर ठेवलेला. आणि शेडच्या तोंडाशी त्याच्या चपला. आपण कोणाच्या घरी जाताना उंबऱ्याबाहेर काढून ठेवतो तशा शेजारी शेजारी, टाचा बाहेर, बोटं आत. आत भिंतींपर्यंत मिठाची पांढरी साय धरलेली जमीन. तिच्यावर एकही पाऊल नव्हतं.

चिखलात रुतू नयेत म्हणून चपला काढल्या असतील, मागच्या बाजूला खाडीत उतरला असेल, पाय अडकला असेल. पोलीस हेच म्हणाले. मीही हेच म्हणते. कोळ्यांनी चार दिशांना होड्या घातल्या. काही मिळालं नाही.

आमचे बाबा मी शाळेत असतानाच गेले, तेव्हा आये रडली होती. या वेळी ती रडली नाही. शेजारच्या गोदूबाई गळ्यात पडून "गेला गो पोर" म्हणाल्या, तर तिनं त्यांना हातानं दूर केलं.

"गेला न्हाय. येतो बोललाय."

त्या दिवसापासून तिनं घराचं पुढचं दार लावणं सोडलं. रात्रभर दार उघडं. कुत्री आत यायची, बांधावरचा खारा वारा आत यायचा. ती उंबऱ्याशी पाट घेऊन बसायची. जेवण म्हणजे दोन घास. अंगावरचे ब्लाउज सैल झाले. मी कामावरून आले की माझ्याकडे न बघता माझ्यामागे बघायची. मधूनच स्वतःशी म्हणायची, "मी ये बोलले न्हाय त्याला. एवढा एक शब्द, तो पन न्हाय बोलले."

माझ्याच डोळ्यांसमोर माझी आई उंबऱ्यावर झिजत होती आणि मी डिग्रीवाली काहीच करू शकत नव्हते.

४

मग मी ठरवलं. आयेनं खारटोक कधी पाहिलंच नव्हतं, आणि म्हणून ते तिच्या मनात एवढं मोठं झालं होतं. एकदा नेऊन दाखवायचं. ही शेड, या भिंती, हे गंजके पत्रे. इथे कोणी नाही. मग ती परत येऊन दार लावेल.

तिला बांधावरून एवढं चालवणार नव्हतं. न्यायचं तर बायमधूनच.

"चाचणी घ्यायची आहे," मी मंडळाच्या बैठकीत म्हटलं. "इंजिन खारटोकपर्यंत. आये बरोबर येईल."

सरांनी चष्मा काढला.

"पुसू नका," मी म्हटलं. "उत्तर द्या. रुळांत खोट आहे का? बांधात खोट आहे का?"

"नाही."

"मग?"

"येसूबाईंना नेऊ नकोस."

"ती मरतेय, सर. दिसतंय का तुम्हाला? तुमचा तो मुका नियम सांभाळायला मी तिला मरू देऊ?"

शेवटी हिरामण मामा म्हणाले, "मी चालवतो. पन एक हाय, पोरी. तिथं उतरायचं, बघायचं, निघायचं. येसूबायला सांग."

"सांगते."

"तू न्हाय, मी सांगतो. तू सांगशील नि हसशील."

५

उन्हं कलायच्या बेतात आम्ही निघालो. मी भट्टीपाशी, मामा वाफ सोडणाऱ्या रेग्युलेटरवर. आये कोपऱ्यातल्या लोखंडी पेटीवर पदर घट्ट धरून बसली होती. मामांनी तिला आधीच बजावलं होतं. तिनं शहाण्या मुलीसारखी मान हलवली होती.

उघाडी मागे पडली. दोन्हीकडे पडीक मिठागरं, त्यात साचलेलं पाणी, पाण्यात उभे बगळे. रूळ एकदाही कुरकुरले नाहीत. मला दिपेशचे हात आठवले. माझ्या डोळ्यांत कोळशाची कणी गेली असं मी मामांना सांगितलं.

खारटोकला बाय थांबली. वाफेचा आवाज बसला आणि तिथली शांतता ऐकू आली. पाण्याचाही आवाज नव्हता. मी आयेला हात धरून उतरवलं.

ती शेडसमोर उभी राहिली. दिपेशच्या चपला जिथे होत्या तिथे आता काही नव्हतं. आत सावली, मीठ आणि जुन्या ओलीचा वास.

"बघ," मी म्हटलं. "कोणी नाहीये. भिंती आहेत, म्हणून आवाज घुमतो, एवढंच. ऐक." आणि मी मोठ्यानं ओरडले, "हेमाली!"

"...माली," शेडनं परत दिलं.

"कळलं? शाळेत शिकवतात हे."

आये खाली वाकली, जमिनीवरचं मीठ चिमटीत घेतलं, जिभेवर ठेवलं. तिचा चेहरा सैल झाला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिचे खांदे खाली आले.

"चल," ती म्हणाली. "भात टाकायचाय."

मला ओरडावंसं वाटलं. जिंकले मी! तिला वर चढवलं, मागोमाग मी चढले. खारटोकला इंजिन वळवायची सोय नाही. परतताना ते उलटं चालतं, तोंड शेडकडेच राहतं. मामांनी रेग्युलेटरला हात घातला. चाकं हलली.

आयुष्यभर ज्या बाईनं कोणाच्या दारातून निघताना हा शब्द म्हटल्याशिवाय पाऊल उचललं नाही, जी गाईच्या गोठ्यातून बाहेर पडतानाही तो म्हणायची, ती बाहेर वाकली आणि अगदी सहज म्हणाली,

"येते रं, दिपू."

मामांचा हात शिट्टीच्या दोरीकडे झेपावला. शिट्टी वाजली. पण उशिरा वाजली.

"ये," शेडमधून आलं.

मोठ्यानं नाही. घरातून कोणी म्हणावं तसं. आणि समोरच्या काचेतून, वाफेच्या पलीकडे, शेडच्या आतल्या सावलीत काहीतरी हललं. आमच्याकडे आलं नाही. उलट, जरा बाजूला सरकलं. पाहुणा आला की चटईवर बसलेला माणूस सरकून जागा करतो, तसं.

६

प्रतिध्वनी. पूर्ण बांधभर मी स्वतःला हेच सांगत होते. आये बोलली, भिंतींनी परत दिलं. सावली म्हणजे वाफेची सावली. मी फावडं मारत होते, घाम गळत होता. आये हसत होती.

उघाडीपाशी आलो तेव्हा माझा फावड्याचा हात थांबला.

मी 'हेमाली' ओरडले, तर 'माली' परत आलं होतं. प्रतिध्वनी शब्दाचं शेपूट परत देतो. आये 'येते' म्हणाली होती, पुढे दिपूचं नाव घेतलं होतं. परत यायला हवं होतं 'दिपू'. फार तर 'पू'.

आणि दिपेश म्हणाला होता, येतो रे. त्याला परत यायला हवं होतं 'तो रे'.

इंजिनाच्या शेडपाशी सर वाट बघत उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "येसूबाई काय म्हणाल्या?"

"काही नाही," मी म्हटलं. "शिट्टीत काय ऐकू येतंय?"

त्यांनी चष्मा काढला. या वेळी पुसला नाही, नुसता हातात धरून उभे राहिले.

७

त्या रात्री आयेनं दार लावलं.

मी तिच्या हातचा भात पोटभर जेवले आणि तीही जेवली. दुसऱ्या दिवशी तिनं केसांना तेल लावलं. गोदूबाई मला नळावर भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "काय जादू केलीस गो? येसू हसली मला बघून." मी सरांना मुद्दाम फोन करून सांगितलं. ते "बरं झालं" म्हणाले. मला त्यांचा आवाज आवडला नाही.

आये घर आवरायला लागली. माळ्यावरची भांडी खाली काढली, घासली, उन्हात पालथी घातली. गोदूबाईंचा डबा कित्येक दिवस आमच्याकडे पडला होता, तो पोहे भरून परत केला. कोंबड्या माझ्या आत्याकडे पोचवल्या. "घान करतात," म्हणाली. मला तिखटाची चव कशी साधायची ते शिकवायला बसली. मी वैतागले. "आये, मला वेळ नाही गं, तूच कर ना."

"मी करीन गो. पन तुला येऊ दे."

माणूस बरा झाला की घर आवरतो. मला तेव्हा हेच वाटत होतं. प्रवासाला निघणारा माणूसही घर आवरतो, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

एका दुपारी मी आरशासमोर केस विंचरत होते. कामावर निघायची घाई होती. तोंडात पिना होत्या. आरशात माझ्या पाठीमागचं पुढचं दार दिसत होतं, दारात आये. ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलेली. तिची पाठ माझ्याकडे होती आणि तोंड बांधाकडे.

"येते," ती म्हणाली.

बाजारात निघाली असेल. देवळात निघाली असेल. मी पिना तोंडातच ठेवून, आपण सगळेच म्हणतो तसं, न बघता म्हणाले, "ये."

माझा आवाज एकटा नव्हता. माझ्या 'ये'च्या जरासा आधी दुसरा एक 'ये' आला होता.

मी वळले. दारात नुसतं ऊन होतं.

मी धावले. अनवाणी, केस मोकळे, बांधावर. उघाडीपाशी धाप लागून पडले, उठले, पुन्हा धावले. पुढे कोणी दिसत नव्हतं. एवढा सरळ बांध, लांबवर एक हिरवा ठिपका तरी दिसायला हवा होता. ती म्हातारी, गुडघे दुखणारी बाई माझ्यापुढे इतकी कशी गेली?

शेडच्या तोंडाशी चपला होत्या. झिजलेल्या अंगठ्याच्या, शेजारी शेजारी. टाचा बाहेर, बोटं आत.

त्यांच्या बाजूला दिपेशच्या. त्या पोलिसांनी नेल्या होत्या.

मी आत पाहिलं नाही. खरंच नाही. पण आतून भाताच्या वाफेचा वास येत होता.

८

गाडी आता उघाडीपर्यंतच जाते. पुढचे रूळ काढू नका, एवढंच मी मंडळाला सांगितलं. वाद घातला नाही. हिरामण मामा आता रेग्युलेटरला हात लावत नाहीत, म्हणून बाय मी चालवते. रत्नपाल सर प्लॅटफॉर्मवर पाहुण्यांना मिठागरांची माहिती सांगतात. आम्ही तिघं एकमेकांशी फार बोलत नाही, पण सर दर रविवारी माझ्यासाठी घरून डबा आणतात.

कॉलेजातली एक मुलगी नवीन आली आहे, कल्पिता. हुशार आहे, तोंडाळ आहे. परवा कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "ताई, पुढचे रूळ तर एकदम चांगले आहेत. गाडी खारटोकला का नेत नाही?"

मी कापसाच्या बोळ्यानं हात पुसत राहिले. हात आधीच स्वच्छ होते.

"तुम्ही सगळे ना, उत्तरच देत नाही," ती म्हणाली.

उघाडीवर पाहुणे उतरतात, फोटो काढतात. मी इंजिनातून समोर बघते. बांधाच्या टोकाला शेड दिसते, बोटाच्या पेरापेक्षा लहान. मला खरंच कळत नाही, त्या दुपारी आयेनं तो शब्द कोणाला म्हटला. मला म्हटला असेल, तर ती परत येणार आहे. त्याला म्हटला असेल, तर ती पोचली.

पाहुणे हात हलवतात, "बाय, बाय" म्हणतात. मी ओठ मिटून बायला मागे घेते.

घरून निघताना मात्र जीभ ऐकत नाही. कुलूप हातात असतं, आत कोणी नसतं, आणि सवयीनं तोंडातून जातंच, "येते." मग किल्ली फिरवायच्या आधी मी जराशी थांबते. भिंती गप्प असतात. भांडी गप्प असतात.

मला 'ये' म्हणणारं आता एकच घर उरलं आहे. रूळ तिथपर्यंत जातात. मीच बसवलेत.